काय कापणार, ते सांगा!

चाकूच्या दुकानात एवढे किस्से का साठतात, हे मला लग्न होऊन या घरात आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. भाजीची सुरी घ्यायला आलेला माणूस काही बोलत नाही. त्याला सुरी हवी असते, आपण ती कागदात गुंडाळून देतो, विषय संपला. पण खिशात ठेवायचा घडीचा चाकू घ्यायला आलेल्या माणसाला बोलावंच लागतं! घरात सुऱ्या असताना हा आणखी एक चाकू, तोही रोज खिशात घालून हिंडायला कशाला हवा, हे त्याला स्वतःलाच एकदा मोठ्यानं सांगायचं असतं.

आणि नसलं सांगायचं, तरी आमचे अप्पा सोडत नाहीत. अप्पा म्हणजे माझे सासरे. बुधवार पेठेत आमचं चाकू-कात्र्यांचं दुकान आहे. अप्पा आणि मी, आम्ही दोघंच ते बघतो. गिऱ्हाइकानं "जरा फोल्डिंगमध्ये दाखवा" म्हटलं, की ड्रॉवर उघडायच्या आधी अप्पा विचारतात, "काय कापणार?"

एवढंच. या नाही, बसा नाही. "काय कापणार?"

नवा माणूस आधी गडबडतो. मग घसा खाकरतो. मग सांगायला लागतो. आणि मी काउंटरच्या अलीकडे आ वासून ऐकत राहते. इतकी वर्षं झाली, अजून माझं तोंड काही मिटत नाही!

* * *

सुरुवात घरापासूनच करते.

एका गणपतीत अप्पा दर्शनाला गेले आणि गर्दीत त्यांचा खिसा कापला गेला. पाकीट गेलं. त्यात फारसं काही नव्हतं, बसचा पास आणि डॉक्टरांची चिठ्ठी. तरी मी हळहळले. म्हटलं, "अप्पा, पोलिसांत कळवूया का?"

अप्पांनी सदरा काढून ट्यूबलाइटखाली धरला होता, चष्मा कपाळावरून नाकावर आणला होता, आणि खिशाची कापलेली कड बोटानं हळूहळू चाचपत होते. राग नाही, वैताग नाही. गाण्याच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा!

"बघ," म्हणाले. "एक दोरा निघालेला नाही. आत बनियनला ओरखडा नाही. एवढ्या गर्दीत, चालत्या माणसाच्या अंगावर! काय हात असेल!"

"अप्पा, चोर होता तो."

"चोर होताच. पण धार बघशील की नाही?" मग स्वतःशीच, "आपल्याच दुकानचा असणार."

तो सदरा त्यांनी शिवू दिला नाही. दुकानात ठेवलाय. कुठल्याही कंपनीचा सेल्समन येऊन आपल्या मालाच्या धारेचं कौतुक करायला लागला, की अप्पा शांतपणे तो सदरा काढून काउंटरवर पसरतात. "अशी असेल, तर पुढं बोला."

* * *

नचिकेत हिंजवडीला आयटीत आहे. घडीचा एक चाकू घ्यायचा म्हणून तो कित्येक रविवार आमच्याकडे येत होता. प्रत्येक रविवारी नवं ज्ञान! पोलाद कोणतं, त्यात कार्बन किती, लॉक कसलं, क्लिप उजवीकडे का डावीकडे. यूट्यूबवरचे सगळे रिव्ह्यू तोंडपाठ. मी ट्रे मांडायचे, तो एकेक चाकू उघडायचा, मिटायचा, आणि शेवटी म्हणायचा, "अजून थोडा रिसर्च करतो."

अप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काय कापणार?"

"कुरिअरचे बॉक्स."

"बॉक्ससाठी एवढा विचार? लोक लग्नं याच्याहून लवकर ठरवतात!"

शेवटी एका रविवारी अप्पांनी त्याला डोळे मिटायला लावले. ट्रेमधला एकेक चाकू, बंद करून, त्याच्या तळहातावर ठेवायचा. "बोलू नका. ज्याच्यावर बोटं आपोआप वळतील तो तुमचा." बरेच चाकू आले आणि गेले. मग एका साध्या, लाकडी मुठीच्या चाकूवर त्याची बोटं अशी वळली, की ती त्याला सोडवेनात. डोळे उघडून बघतो तर काय, त्या चाकूचा कुठल्याच रिव्ह्यूत पत्ता नाही! पण घेतला.

संक्रांतीनंतर तो परत आला, मनगटाला हे एवढं बँडेज बांधून. अप्पांचा जीव वरखाली. "चाकू लागला?"

"नाही अप्पा, घार."

झालं होतं असं, की त्याच्या सोसायटीबाहेरच्या झाडावर एक घार नायलॉनच्या मांज्यात अडकून उलटी लटकत होती. खाली सगळे मोबाइल वर करून उभे. अग्निशमन दलाला फोन गेला होता, पण गाडी दुसऱ्या कॉलवर होती. आणि हा नचिकेत, पाल दिसली तर आईला हाक मारणारा, तिथल्या टेम्पोच्या टपावर चढला आणि तिथून फांदीवर!

"जॅकेटमध्ये गुंडाळून तिला मांडीवर घेतलं, ताई. मांजा पिसांत इतका रुतला होता, की पीस कुठलं आणि दोरा कुठला कळेना. चाकूच्या टोकानं एकेक दोरा उचलायचा, मग कापायचा."

"हलली नाही?" मी विचारलं.

"अजिबात नाही. नुसती बघत होती माझ्याकडे. मोठ्ठा तपकिरी डोळा. पण पहिला दोरा कापला ना, तेव्हा तिनं पंजानं माझं मनगट पकडलं. ते शेवटचा दोरा तुटेपर्यंत सोडलंच नाही. नखं आत गेली होती."

"अरे मग झटकायचा की हात!"

"झटकवेना," तो म्हणाला. घारीवर उपचार झाले, ती उडून गेली, हे सगळं त्यानं सांगितलं. मग जाता जाता म्हणाला, "टाके घालताना डॉक्टर विचारत होते, घारीनं हल्ला का केला? मी म्हटलं, हल्ला नाही हो. तिनं हात धरला होता."

* * *

आमचे एक सर आहेत, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. शिंगाच्या मुठीचा एक छोटा चाकू ते कॉलेजात शिकत असल्यापासून खिशात बाळगतात. दर वर्षी अप्पांकडून त्याला धार लावून घेतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

एकदा सर आणि काकू लेकीकडे बंगळूरला निघाले. लोहगावला विमानतळाच्या दारातल्या रांगेत उभं असताना सरांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, आणि सर गार! चाकू खिशातच!

काकू म्हणाल्या, "टाका तो कचऱ्याच्या डब्यात! तिकडे नातू वाट बघतोय."

सरांना काही ते जमेना. बाहेर मोठमोठ्या कुंड्या मांडलेल्या होत्या. सर बुटाची लेस बांधायला म्हणून वाकले, एका तगरीच्या कुंडीत बोटांनी खड्डा केला आणि चाकू मातीत पुरला. काकू पदर पसरून आडोसा करून उभ्या, तोंडानं मात्र सरांचा उद्धार चालू!

महिन्याभरानं परत आले. बाहेर येऊन बघतात तर कुंड्यांची जागाच बदललेली. तगरी इकडे, क्रोटन तिकडे. भर उन्हात सर एकेक कुंडी उकरायला लागले. सुरक्षेवाला आला. "काय करताय काका?"

सर आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. म्हणाले, "चाकू शोधतोय."

विमानतळावर हे दोन शब्द मोठ्यानं उच्चारल्यावर काय होतं, ते काकूंच्या तोंडून ऐकावं! त्या बॅगांवर बसून राहिल्या होत्या, 'मी यांना ओळखत नाही' असा चेहरा करून. चार माणसं जमली, सरांची बॅग उघडली, प्रश्न सुरू झाले. तेवढ्यात कुंड्यांना पाणी घालणारे माळीबुवा पाइप खाली टाकून आले आणि कमरेच्या पिशवीतून चाकू काढून म्हणाले, "हा का? अहो, कधीपासून मालकाची वाट बघतोय मी!"

दुसऱ्या दिवशी सर तो चाकू घेऊन दुकानात आले. अप्पांनी उघडला. पातं लखलखत होतं. अप्पांनी अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितलं, कपाळाला आठी पडली.

"ही धार मी लावलेली नाही."

"नाही," सर म्हणाले. "विमानतळावर लावून मिळाली."

* * *

जूनमध्ये पुण्यात बाहेरगावची मुलं शिकायला येतात आणि त्यांना सोडायला आईवडील येतात. मंडईत बादली-मग घेऊन झाले, की त्यातले काही आमच्याकडे वळतात.

असेच एक यवतमाळकडचे गृहस्थ लेकीला घेऊन आले. डावा हात मनगटापासून नव्हता. कापसाच्या जिनिंग कारखान्यात गेला, असं त्यांनीच आल्या आल्या सांगून टाकलं, म्हणजे कुणी चोरून बघायला नको.

"काय कापणार?" अप्पा.

"मोसंबी. पण चाकू एका हातानं उघडाले पाहिजे. नाहीतर दरवेळी दातानं उघडा लागते, आणि ही पोरगी चिडते."

मी एक चाकू घेतला आणि उघडून त्यांच्या हातात द्यायला निघाले, तर अप्पांनी काउंटरखालून माझ्या पायावर पाय दिला. मी थांबले. अप्पांनी सगळे चाकू बंदच ठेवले, त्यांच्यापुढे ओळीनं. आणि स्वतः पेपर वाचायला घेतला.

गृहस्थांनी एकेक उचलला. काही उघडेनात. काही उघडले, पण एका हातानं मिटेनात. मुलगी सारखी इकडेतिकडे बघत होती. कारण तोवर दुकानात आणखी गिऱ्हाइकं आली होती, आणि ती चाकू बघायचं सोडून तिच्या बाबांकडे बघत होती. शेवटी एकावर अंगठा टेकला, पातं टक्कन बाहेर आलं, आणि मांडीवर दाबून ते पुन्हा आत गेलं. त्यांनी पिशवीतून मोसंबी काढली. काउंटरवर ठेवली, डाव्या हाताच्या टोकानं दाबून धरली, उजव्या हातानं चाकू लावला.

काय सांगू! चाकू जागच्या जागी होता. मोसंबीच फिरत होती. डावा हात तिला हलकेच लोटत होता, आणि सालीची एकच लांब पट्टी निघत काउंटरवरून खाली उतरत होती. कुठं तुटली नाही. पांढरा भाग वेगळा, फोडी वेगळ्या. कुणीतरी नकळत "वाऽ!" म्हणालं. त्या वाऽनंतर मी मुलीकडे बघितलं, तर तिची मान आता चांगली ताठ होती.

त्यांनी फोडी आम्हा सगळ्यांना वाटल्या. अप्पा सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "एका हातानं हे शिकायला फार कष्ट पडले असतील."

गृहस्थ हसायला लागले. "पडले ना. पण दोन हात होते तेव्हा तर मले येतच नव्हतं! तेव्हा बायको सोलून देत होती."

* * *

एकदा एक निवृत्त सर्जन बाई आल्या. उंच, पांढरे केस, सुती साडी. काउंटरच्या काचेवर त्यांनी हात ठेवला आणि टिकटिक टिकटिक आवाज यायला लागला. त्यांचा हात थरथरत होता आणि बांगडी काचेवर वाजत होती.

"काय कापणार?" अप्पांनी विचारलं. मला वाटलं, आज तरी विचारू नये.

"पेन्सिली. नात चित्रं काढते. शार्पनरनं शिसं मोडतं."

मी उघडा चाकू पुढे केला. बाईंनी तो घेतला, पर्समधून पेन्सिल काढली, पातं लाकडाला टेकवलं. आणि बांगडीचा आवाज थांबला.

हात असा स्थिर, की जणू दगडात कोरलाय! कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ काप एकामागून एक गळत होते. पेन्सिलीला सुईसारखं टोक आलं. बाईंनी ते उजेडात धरून बघितलं, चाकू मिटला, काचेवर ठेवला. टिकटिक टिकटिक.

"ऑपरेशनं मीच बंद केली," त्या शांतपणे म्हणाल्या. "पातं हातात असलं की हात थरथरत नाही, हे मला माहीत होतं. पण पेशंटला ते कसं पटवायचं?"

अप्पांनी त्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "अहो, मग मिटता कशाला?"

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं!

* * *

कांबळे मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. एका ऑगस्टमध्ये भर पावसात त्या धापा टाकत दुकानात शिरल्या. छत्री मिटायचंही भान नव्हतं. अप्पांनी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "कलम करायचंय. पातं एका बाजूनं सपाट हवं. आणि आत्ता हवं!"

मांजरी गावात त्यांच्या वडिलांनी लावलेलं आंब्याचं झाड होतं. वडील साखर कारखान्यात कामाला होते. मुलगी कॉलेजात जायला लागली त्या वर्षी त्यांनी ती कोय रुजवली होती. पुढे भावांनी जमीन विकली, तिथे आता टॉवर उभे राहणार होते, आणि झाड दुसऱ्या दिवशी पडणार होतं. मॅडमना ही बातमी त्या दिवशी दुपारी कळली होती.

त्यांनी पर्समधून जास्वंदीची एक ओली काडी काढली. चाकू हातात घेऊन तिरका छेद दिला, काप उजेडात धरला. "नाही. चुरगळला." दुसरा. "नाही." तिसऱ्या चाकूचा छेद आरशासारखा गुळगुळीत आला. "हा." आणि गेल्यासुद्धा, रिक्षा उभीच ठेवली होती.

पुढचं त्यांनी नंतर सांगितलं. पावसात, शिडीवर चढून, साडीचा काचा मारून त्यांनी त्या झाडाच्या काड्या काढल्या. ठेकेदाराची माणसं खाली उभी राहून बघत होती. एक जण ओरडला, "मॅडम, उद्या आडवं झालं की आरामात तोडा की! वर कशाला चढता?"

मॅडम वरूनच म्हणाल्या, "जिवंत आहे तोवर घ्यायचंय."

घरी गच्चीवर गावठी आंब्याची रोपं होती, शेजाऱ्यांनी बियांतून उगवून कंटाळून दिलेली. रोपाच्या खोडाला उभी चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा आकार द्यायचा, ती चिरेत बसवायची, पट्टीनं बांधायचं. वय सत्तरीकडे झुकलेलं, कंबर वाकेना, तरी अंधार पडेपर्यंत एकटीनं बांधत राहिल्या. काही काड्या सुकल्या. पुष्कळ जगल्या. आज मॅडमच्या वडिलांचा आंबा पुण्यात कुठे कुठे उभा आहे! कुणाच्या शाळेत, कुणाच्या शेतात, कुणाच्या गच्चीवरच्या पिंपात. एक आमच्या नणंदेकडे आहे, गेल्या वर्षी त्याला मोहोर आला, तेव्हा मॅडम मुद्दाम वास घ्यायला गेल्या होत्या.

एक रोप त्यांनी मांजरी गावात नेलं होतं. टॉवर झाले होते, लोक राहायला आले होते. तिथल्या चेअरमनना म्हणाल्या, "हे रोप तुमच्या गेटशी लावायचंय."

चेअरमन म्हणाले, "लावा की! पण आमच्याचकडे का मॅडम?"

मॅडमनी गेटवरच्या सोनेरी अक्षरांकडे बोट दाखवलं. बिल्डरनं सोसायटीचं नाव ठेवलं होतं 'आम्रकुंज'.

"नावाला तरी एक असावा," मॅडम म्हणाल्या.

* * *

आता एक शेवटचा.

एका दुपारी खाकी वर्दीतली एक हवालदार ताई दुकानात आली. आमच्या धंद्यात वर्दी दारात दिसली, की काळजात धस्स होतं. अप्पांनी पेपर खाली ठेवला. ती म्हणाली, "घाबरू नका, गिऱ्हाईक आहे मी. घडीचा चाकू दाखवा. आधीचा नदीत गेला."

अप्पांनी विचारलं, "काय कापत होता?"

"दावी," ती म्हणाली. "म्हशींची."

मी तिला बसायला स्टूल दिलं.

ती माण तालुक्यातली. नोकरीमुळे पुण्यात. आधीचा चाकू तिनं डबा खाताना काकडी कापायला म्हणून घेतलेला, शर्टाच्या खिशात असायचा. त्या दिवशी रात्रभर पाऊस होता आणि पहाटे धरणातून पाणी सोडलं. उजाडता उजाडता तिला आणि तिच्या सोबत्यांना मुंढव्याच्या पुढे नदीकाठी पाठवलं, तिथल्या झोपड्यांतली माणसं हलवायला. माणसं हलली. म्हातारी, लेकरं, गाठोडी, सगळं वर शाळेत गेलं.

सगळ्यात खाली नदीला लागून एक म्हशींचा गोठा होता. गोठ्याचे मालक, एक वयस्कर गवळी, सुनेला आणि नातवंडांना वर सोडून म्हशींसाठी माघारी पळत आले. तोवर पाणी गोठ्यात शिरलं होतं. सोबतच्या शिपायांनी त्यांना धरून ठेवलं. ते ओरडत होते, "दावी तरी कापा! नुसती दावी कापा, त्यांचं त्या बघतील!"

"म्हशी हंबरत होत्या हो," ती म्हणाली. "सगळ्या एका रांगेत, एकेका खुंट्याला. मला ऐकवेना. तेव्हा पाणी गुडघ्याएवढंच होतं. मी शिरले."

दाव्याच्या गाठी भिजून दगड झाल्या होत्या. सुटण्याचं नावच नाही. तिनं खिशातला चाकू काढला. नायलॉनची जाड दोरी, आणि काकडीचा चाकू! दोन्ही हातांनी दाबून, करवतीसारखा ओढत, एक दावं तुटलं. म्हैस वळली आणि पाण्यातून चालती झाली. मग दुसरी. मग पुढची. सुटलेली प्रत्येक म्हैस तिला ढकलून जात होती. ताई एकेक खुंटा पुढे सरकत होती, आणि गोठ्याची जमीन नदीकडे उतरती होती. म्हणजे प्रत्येक खुंट्याला पाणी थोडं वर. मांड्या. कंबर.

काठावरून सोबती ओरडायला लागले, "मागं फिर! बास!"

"एकच राहिली होती," ती आम्हाला म्हणाली. "अगदी कडेला. ती हंबरतही नव्हती. मान वर करून उभी होती फक्त."

ती तिथं पोचली तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. खुंटा बुडालेला. दोरी हातानं चाचपून, पाण्याखालीच कापायला लागली. बोटं बधिर झालेली. शेवटचा पीळ तुटला आणि त्याच हिसक्यानं चाकू हातातून निसटून गेला. पाठोपाठ तिच्या पायाखालची जमीनही.

"पोहता येत होतं ना तुम्हाला?" मी विचारलं.

"ताई, मी माणची. आमच्याकडे प्यायला पाणी नसतं, पोहायला कुठलं?"

तिच्या हाताला जे लागलं ते तिनं धरलं. ते त्या म्हशीचं शेपूट होतं. तिनं क्षणभर डोळे मिटून घेतले आणि ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आधी सुटलेल्या म्हशी धारेबरोबर खाली वाहत गेल्या होत्या. त्या पुढे वळणावर कशाबशा काठाला लागल्या. ही शेवटची म्हैस मात्र वळली, धार आडवी कापत सरळ निघाली. मध्ये पत्रे वाहत होते, एक मोठं झाड मुळांसकट आलं. म्हैस थांबली, झाड पुढून जाऊ दिलं, आणि पुन्हा निघाली. काठावरच्या घाटाच्या पायऱ्या तेव्हा पाण्याखाली होत्या, वरून दिसतही नव्हत्या. बरोबर त्या पायऱ्यांवर तिनं पाय टेकला आणि ताईला ओढत वर घेऊन आली.

अप्पांच्या हातातला चाकू तसाच अर्धवट उघडा राहिला होता.

"पूर ओसरल्यावर मी गोठ्यावर गेले," ती म्हणाली. "म्हशीला सरकीची ढेप घेऊन गेले होते. मालक पाया पडायला लागले, मी पडू दिलं नाही. म्हटलं, बाबा, तुमची ती कडेच्या खुंट्याची म्हैस फार हुशार. एवढ्या पाण्यात मान जरासुद्धा इकडेतिकडे वळवली नाही. घाटाकडे नजर लावून नीट चालत गेली."

अप्पा म्हणाले, "मग? काय म्हणाले?"

"त्यांनी माझा हात धरला, मला तिच्यापाशी नेलं आणि तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. म्हणाले, 'पोरी, नजर कुठनं लावंल ती? हिला जन्मापासनं दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई.'"